एकटी परत गेलेली सायकल

बाबा, सायकलीचं भाडं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी पाठवलं होतं. सायकलीसाठी केवढा जीव तुटला तुमचा! नऊ वर्षं मी हेच म्हणत आलो, आणि तुम्ही गेल्यावर पण थांबलो नाही. भांडायला समोर माणूस लागतोच असं कुठं आहे. पण मागच्या आठवड्यात या भांडणात मी अर्ध्यातच अडकलो, म्हणून लिहून राहिलो. शाळा आठवीतच सुटली, तेव्हा जसं बोलतो तसंच लिहितो. चुका काढू नका.

चीनची लढाई लागली होती. जबलपूरला तुमच्या फॅक्टरीत तीन पाळ्या, सुट्ट्या बंद. तुम्ही रात्रपाळी करून यायचे आणि आंघोळ झाली की स्वयंपाकघरातच भिंतीला पाठ लावून जेवायचे. मी आठवीत दुसऱ्यांदा नापास झालो होतो. पोळी मोडता मोडता तुम्ही माझ्याकडे न पाहता आईला म्हणाले, "याला हेल्परमध्ये चिकटवून देतो." मी म्हटलं, "काहून? मी काहून हेल्पर होऊ?" तर तुम्ही म्हणाले, "मग काय, जनरल होशील? सायकलीची चेन चढवता येत नाही तुला." आई हसली. ती हसली नसती तर कदाचित मी गेलो नसतो. तुम्ही झोपले, आणि मी तुमची सायकल काढली.

तिलवारा घाटाचा पूल ओलांडला तेव्हा वाटलं, आता थेट मुंबई. चेन तीनदा उतरली, तिन्ही वेळा मीच चढवली, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नरसिंगपूरच्या अलीकडे मागचा टायर फाटला. परत फिरायची ताकद नाही, पुढं जायची पण नाही. जवळच एक लहान ठेसन होतं. म्हटलं, सायकल ब्रेकच्या डब्यात, गार्डाजवळच्या सामानात टाकू, आपण इटारसीपर्यंत बसू, पुढचं पुढं. जवळ सव्वा रुपया होता. पार्सलच्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं.

"साइकिल किसकी है?"

"बाप की।"

"और बाप कहाँ है?"

"सो रहे हैं।"

"अच्छा! तो उनको सोने दे, तू इधर बैठ।"

त्यानं माझ्याकडून पत्ता काढून घेतला आणि जबलपूरकडे जाणाऱ्या गाडीच्या गार्डाजवळ तुमच्या नावानं चिठ्ठी दिली. माणूस वाईट नव्हता. आपल्या डब्यातल्या चार पुऱ्या मला दिल्या.

दुसऱ्या दिवशी तुमचं उत्तर आलं. कागदाच्या घडीत पाच रुपयांची नोट. बाबूनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली, मग मनात वाचली, मग माझ्याकडे वळवली. अक्षर तुमचंच, हिंदी पण तुमचीच: "छुट्टी नहीं मिलती। साइकिल बुक करके भेज दो। लड़के को छोड़ दो।"

बाबू म्हणाला, "बड़ा कड़क आदमी है रे तेरा बाप।"

बाबा, मग मीच ती सायकल उचलली. बाबूनं हँडलला सुतळीनं लेबल बांधलं, दिवा आणि पंप काढून सीटला बांधायला लावला, पावती फाडली. गाडी दोनच मिनिटं थांबते. मी सायकल ब्रेकच्या डब्यात चढवून राहिलो आहे, आतला हमाल ओढतो आहे, आणि पेडल माझ्या नडगीला लागतं. गाडी जबलपूरकडे निघून जाते. बाबू उरलेले पैसे माझ्या हातावर ठेवतो. "रख ले. जब उसने ही छोड़ दिया, तो मैं कौन होता हूँ रोकने वाला?" त्याच पैशात मी इटारसी गाठलं, तिथून भुसावळ, आणि धक्के खात खात पुणे.

दोन दिवाळ्यांनी घरी आलो तेव्हा सायकल अंगणात उभी होती, टायर नवा. तुम्ही आधी चहा घेतला, मग विचारलं, "त्या बाबूनं तुला सोडलं नव्हतं का रे?" मी म्हटलं, "सोडलं ना. तुम्हीच लिहिलं होतं, त्यानं बरोबर सोडलं." तुम्ही कप खाली ठेवला. "सोडलं, तरी गेला," एवढंच म्हणाले, आणि उठून भोंग्याच्या कितीतरी आधीच कामावर निघाले. मी मनात म्हटलं, चलो, कबूल तर केलं.

आता पुन्हा लढाई चालू आहे, इथं पुण्याच्या कारखान्यात आमच्या पण सुट्ट्या बंद आहेत. मागच्या आठवड्यात माझ्या बाजूच्या लेथवरच्या पोराला ताप भरला. फोरमन ट्रकवाल्याला म्हणाला, "याला सोडून दे रे." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काहून? आजारी माणसाला असं सोडून देता?" सगळे हसायला लागले. फोरमन म्हणाला, "अरे जबलपुरी, घरी सोड म्हणतोय मी! दारापर्यंत! तुला काय वाटलं, नदीत सोड?"

मी लेथ बंद केला. तुम्ही वऱ्हाडातले, बाबा. तुमची हिंदी म्हणजे मराठीलाच मागून 'है' लावलेलं. दूधवाल्याला "पानी सांड गया" म्हणायचे, आम्ही पोट धरून हसायचो. आणि तेव्हा तुम्ही अगदी विचार करून 'सोडा'साठी 'छोड़ दो' लिहिलं असेल. पोराला आणून सोडा. पाच रुपये कोणी नुसत्या सायकलीसाठी पाठवतं का? त्यात माझं तिकीट होतं. बाबू हिंदीवाला, त्याला कसं कळणार? मला कळायला पाहिजे होतं. पण रागात असलो की मी हिंदीतच विचार करायचो, अजून पण करतो. तुम्हाला वाटत राहिलं की पोराला घरापर्यंत आणलं आणि तो पुन्हा पळाला. मला वाटत राहिलं की बापानं सायकल ठेवून घेतली. समोरासमोर बसलो होतो, दोघांच्या तोंडात शब्द एकच होता, आणि दोघंही आपापलं ऐकून उठलो.

हे आईला लिहिणार होतो. पण मग तिला सगळंच लिहावं लागेल. तुमचं दुखणं जास्त झालं तेव्हाची तार मला उशिरा मिळाली, असं मी तिला सांगितलं आहे. ती उशिरा मिळाली नव्हती, बाबा. सकाळीच मिळाली होती. खिशात घालून मी दोन दिवस कामावर गेलो.

हा कागद पेटीतच राहील. आईला उद्या मनिऑर्डर करतो. ओव्हरटाइम धरून या खेपेला पंचावन्न रुपये.