भास्करभाऊच्या ट्रकची मोटर

रवि., ५ जाने.

धुळ्याहून आत्ता आलो. बस गच्च, पारोळ्यापर्यंत उभा.

भास्करभाऊचा ट्रक अजून बंदच. रिमोटवर चालणारा, हातभर लांब. पांझरा नदीतल्या गोट्यांवर तो चढला की रिटायर ग्रामसेवक भाऊ आणि जळगावात जळक्या मोटरींत नवी तार भरणारा मी, दोघे घोडे टाळ्या वाजवायचे. दिवाळीनंतर मोटर जळाली ती जळालीच. आज तो टीपॉयवर, टॉवेलात गुंडाळलेला. चहा पीत आम्ही त्याच्याकडे बघत बसलो, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे.

निघताना भाऊ म्हणाला, "आते तूच एक चांगली मोटर निवडी दे. भरवसानी. मागली कंपनी मात्र नको, तिनं नाव बी काढू नको."

मी "हो" म्हणालो. तिथेच चुकलं.

मंगळ., ७ जाने.

इथे तरी खरं लिहितो. मागली मोटर खोटी नव्हती. मी जाळली.

ट्रकला नवी घेतलेली सेन्सरवाली ब्रशलेस मोटर होती, फिरताना आपली जागा कंट्रोलरला कळवणारी. जोडली, रिमोट पुढे ढकलला, ट्रक मागे गेला. तीस वर्षांची सवय, पंप उलटा फिरला की तीनपैकी दोन वायरी आलटायच्या, विषय संपला. सोबतच्या कागदावर स्पष्ट होतं की सेन्सर असेल तर वायरींची अदलाबदल नको, कंट्रोलर जळेल. पण कागद वाचायला मी काय शिकाऊ आहे? आलटल्या. ट्रक जागच्या जागी थरथरला, कंट्रोलरमधून धूर, पाठोपाठ मोटरही गेली. रिमोटवर दिशा बदलायचं एक बारकं बटण असतं. तेवढंच सरकवायचं होतं.

भाऊ चहा सांगायला आत गेला होता. बाहेर आला तर धूर. "काय व्हयनं?"

"माल खोटा निघाला," मी म्हणालो. जीभ इतकी चटकन कशी वळली, देव जाणे.

त्याने माझ्यासमोरच विकणाऱ्याला फोन लावला. दुकानदाराने विचारलं असणार, वायरी आलटल्या का म्हणून. भाऊ असा तापला, "आमना मानूस तीस वरीसफाईन मोटरी भरस! तू आम्हले शिकाडस का?" मी शेजारी बसून चिवडा खात होतो.

गुरु., ९ जाने.

चोपड्याचे एक नाना पंपाची मोटर घेऊन आले. "केळीले पानी द्यानं शे, उद्याच भरी दे." दिवस त्यातच गेला.

घरी मोबाईलवर बघत बसलो. बिनसेन्सरवाली सुटसुटीत, वायरी कशाही आलटा, तक्रार नाही. पण हळू चालवताना झटके मारते. मैदानात पळवायला ठीक. भाऊला पळवायचं कुठे आहे? त्याचा सगळा जीव एकेका गोट्यावर मुंगीच्या पावलाने चढण्यात. जास्त केव्हीची, म्हणजे जास्त फेऱ्यांची घेतली तर तिथे तापून मरेल. कमी केव्ही, सेन्सर, धूळपाणी न शिरणारा कंट्रोलर, सुटे भाग मिळायला हवेत. सगळ्यात बसणारी एकच निघते. तीच. मी जाळली ती.

दुसरी सुचवली तर भाऊला जाणूनबुजून हलकी घ्यायला लावली. हीच सुचवली तर का, ते सांगावं लागणार. आणि सांगितल्यावर भाऊकडचे रविवार जाणार.

कुकर लावला. आई गेल्यापासून घरात आवाज तो त्याचाच. लग्न जमता जमता राहिलं, त्याचं इतकी वर्षं काही वाटलं नव्हतं. हल्ली वाटतं.

रवि., १२ जाने.

नाही सांगितलं.

मंगलवहिनींनी भरीत केलं होतं. भाऊने विचारलं, "निवडी का?" म्हटलं, बघतोय. "बघ बघ, घाई नही. तुले समजस, माले काय समजस."

भरीत नकोसं झालं होतं. तरी दोनदा घेतलं, नाहीतर वहिनी विचारत्या.

परतताना सगळं भाषण जुळलं. एरंडोलपर्यंत तोंडपाठ. ऐकायला कंडक्टर.

मंगळ., १४ जाने.

संक्रांत. समोरच्या पानवाल्याने तिळगूळ दिला. बास, एवढंच.

दुपारी भाऊचा मेसेज, एका बिनसेन्सरवाल्या मोटरीचा फोटो. "ही कशी शे? आयतवारले मांगाडी लेतस."

"थांबा, मी येतो" एवढं लिहिलं. पुढचं बोटांना होईना.

रवि., १९ जाने.

सांगितलं. चप्पल काढायच्या आधी, दारातच. नाहीतर परत चहा झाला असता.

"भाऊ, मोटर खोटी नव्हती. मी वायरी आलटल्या. मीच जाळली."

भाऊने ट्रकवरचा टॉवेल काढला, त्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मग म्हणाला, "त्या दुकानदारले मी किती बोलनू रे."

मी चप्पल काढून आत आलो.

"आजून काय काय खोटं सांगेल शे तू माले?"

काही नाही म्हणणार होतो. निघालं भलतंच. "रविवारी मला धुळ्यात काम नसतं, भाऊ. तांब्याची तार घ्यायला येतो म्हणतो ना, ते खोटं. तारेचं दुकान रविवारी बंदच असतं. चार वर्षं मी फक्त तुमच्याकडे येतो."

भाऊ उठला आणि आत गेला. बराच वेळ झाला तरी आला नाही. आतून वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता, पण जेवायला कोणी म्हणालं नाही. मी जाळली त्याच मोटरीचं नाव चिठ्ठीवर लिहून ट्रकपाशी ठेवलं. खाली लिहिलं, वायरी आलटू नयेत.

बसमध्ये खिडकी मिळाली.

बुध., २२ जाने.

फोन नाही. मीही केला नाही. दोनदा नंबर काढला, दोनदा गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक आलं याचं बरं वाटलं, ही काय गत.

शनि., २५ जाने.

सकाळी दुकानात वहिनींचा फोन. "सुधाकरभाऊ, काल पार्सल उनं. तुमनी चिठ्ठीमा व्हती तीच मोटर. पन यास्नी उघाडं नही. ट्रकजोडे ठेयेल शे."

विचारलं, भाऊ काय म्हणतात?

"काय म्हनतीन? त्या दुकानदारले फोन करीसन माफी मांगी. तुमनं नाव नही काढं." मग गॅसवर दूध आहे म्हणाल्या आणि फोन ठेवला.

'या' असं म्हणाल्या नाहीत. येऊ नका असंही म्हणाल्या नाहीत. दिवसभर हातात तार होती आणि डोक्यात हेच. चोपड्याच्या नानांनी आणलेल्या दुसऱ्या मोटरीचे वेढे दोनदा उसवले.

उद्या रविवार. धुळ्यात मला काही काम नाही, आणि ते आता त्या घरात माहीत आहे. सातची बस पकडली तर दहाच्या आत त्यांच्या दारात असेन. दार भाऊने उघडलं तर काय म्हणायचं, ते अजून सुचलेलं नाही.