दुधाच्या डब्याची चकती

१४ मार्च १९९८

प्रिय ओचिरमाताई,

उलानबातरात तुमचा हिवाळा सुखाने सरला ना? आमच्या चौदा मेंढ्या गेल्या, बाकीच्या तगून आहेत. बाबांचं जेवण कमी झालं आहे.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. बझरसदकाकांच्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलमधल्या चकत्या बाबांनी बसवल्या, असं लिहिलं होतं. त्या मी बसवल्या होत्या.

तुला आठवत असेल, गिअरचे दाते नीट जुळावेत म्हणून बेअरिंगमागे घालायच्या चकत्या इथे विकत मिळत नाहीत. आपण त्या गोड दुधाच्या डब्याच्या पत्र्यातून कापतो. बाबांचा नियम एकच: आधी वाळूने निळा रंग घासून काढायचा, मग जाडी मोजायची. गरम तेलात रंग सुटतो आणि तेवढी फट पडते.

मी दोन घासल्या. तिसरी राहिली होती. काका चहा पीत बसले होते.

"नोमिन, तुझ्या लग्नाआधी मिळेल का गं जीप?"

"लग्नालाच नेईन तुम्हाला तिच्यातून," मी म्हणाले आणि तिसरी तशीच आत सारली. विसरले नव्हते, ताई. रंग मला दिसत होता.

बाबांना आता जवळचंही धूसर दिसतं. त्यांनी गिअर हलवून बोटांनी फट पाहिली. "बरोबर आहे, बंद कर." त्या दिवशी ती बरोबरच होती.

जानेवारीत खिंडीत गिअरचे दाते तुटले, मागची चाकं जाम झाली. काका थंडीत रात्रभर चालले. दोन्ही पाय घोट्यावरून कापावे लागले. गावात म्हणतात, "आंधळ्याच्या हाती गाडी दिली, दुसरं काय होणार?" बाबा होकारार्थी मान हलवतात.

जीप ओढून आणली आहे. मंगळवारी मी अ‍ॅक्सल उघडला. दोन चकत्या कोऱ्या, तिसरीच्या कडेला अजून निळा रंग. ती बाबांच्या हातात दिली आणि सांगितलं.

"म्हाताऱ्याची समजूत काढू नकोस," ते म्हणाले. "फट मी तपासली होती."

"रंगासकट ती बरोबरच लागणार, बाबा."

"मग माझ्या बोटांना रंग कळायला हवा होता. याच गाडीच्या पुस्तकावर तुला अक्षरं शिकवली मी. खोटं बोलायला कुणी शिकवलं?"

तेव्हापासून त्यांनी पाना हातात घेतलेला नाही.

दुसऱ्या एका मोडक्या जीपमधून गिअर काढून मी अ‍ॅक्सल पुन्हा जुळवला. दात्यांना काजळी-तेल फासून फिरवलं, ठसा अगदी मधोमध उमटला, म्हणजे जुळणी बरोबर. पण चालवणार कोण?

काकांना गुरुवारी दवाखान्यातून घरी आणणार आहेत. सगळं गाव जमेल. बाबा त्यांच्यापुढे वाकून माफी मागणार आहेत आणि हत्यारांची पेटी देऊन टाकणार आहेत. त्याआधी मी सगळ्यांसमोर बोलेन. काकांचे पाय परत येणार नाहीत. बाबा विश्वास ठेवणार नाहीत. माझ्या हातात मग कुणी गाडी देणार नाही, आणि माझ्या डोळ्यांशिवाय बाबांचंही काम संपलं. यातून काही चांगलं निघेल असं मला वाटत नाही. तू ये म्हणून लिहीत नाही. पत्र पोचेपर्यंत ते होऊन गेलेलं असेल. फक्त मागच्या पत्रातली ती ओळ खोड आणि तिथे माझं नाव लिही.

तुझी,
नोमिन

ता. क. मी बोलणार ते बाबा वाकायच्या आधी, गुरुवारी, १९ मार्चला.