बाबांच्या बाटलीतला गाळ

ओस्टेंड,
३ मार्च १९८८

ती. हेडविगताईस,
सा. न. वि. वि.

दोन वाक्यं बोलून तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र लिहितोय. राग आला तर येऊ दे.

नोव्हेंबरात बाबांना अखेरचा निरोप देऊन सगळे चर्चच्या हॉलमध्ये कॉफीला बसले, तेव्हा तू कुठे होतीस? पॉलाआत्या सांगते, तू मागच्या स्वयंपाकघरात पाठ करून उभी होतीस आणि टेबलांवरून उचललेल्या बाटल्यांतलं उरलंसुरलं गोळा करत होतीस. बाबांनी स्वतः केलेली शेवटची बीअर ती. लोक हळहळत प्यायले, आणि तू त्यांच्या उष्ट्यावर टपलेली! तेव्हा मी आत्याला गप्प केलं. म्हटलं, ताईने पिणं सोडून सहा वर्षं झाली, ती थेंबालाही शिवत नाही.

पण आता तुमच्या शेजारचे ग्युस्ताफ म्हणतात, तुमच्या धुण्याच्या खोलीला कुलूप असतं, दाराशी रिकाम्या बाटल्यांचे क्रेट असतात आणि अंगणापर्यंत बीअरचा वास येतो. आईला फोनवर विचारलं तर ती खुदकन हसली. म्हणाली, हेडविगने सांगू नको म्हटलंय. ताई, ऐंशीची बाई तुझ्या भरवशावर आहे. तू पिऊन पडलीस तर तिच्याकडे कोण बघणार? पुढच्या शनिवारी, १२ तारखेला, गाडी घेऊन येतो आणि आईला इकडे आणतो. मार्तिनेने खोलीसुद्धा लावून ठेवली आहे.

माझं चुकत असेल तर कळव, पण खरं तेच कळव. बहीणभावाचा लोभ यातूनही टिकावा.

तुझा,
इव्हो


झोटेगेम,
६ मार्च १९८८

चि. इव्होस,
अ. उ. आ.

आत्याला मोतीबिंदू झालाय असं ऐकलं होतं. नजर तर चांगली तेज दिसते! होय, मी गोळा करत होते. बरणीत, तोंडात नाही.

ओतताना बाबा तळाचं बोटभर बाटलीतच ठेवायचे. तू ग्लासात ओतायला गेलास की हातावर चापट मारायचे, आठवतं? त्या गाळातच यीस्ट असतं, जिवंत. त्या दिवशी बाबांचा मान राखून सगळ्यांनीच तेवढं बाटलीत ठेवलं होतं. उष्टं कसलं रे त्यात?

आता म्हणशील, बाबांची यीस्टची बरणी फ्रीजमध्ये होती की. होती. ते इस्पितळात असताना तुझ्या बायकोने चांगुलपणाने फ्रीज घासला आणि नासलेलं सूप समजून ती सिंकमध्ये ओतली. एका खेपेचं यीस्ट पुढच्या खेपेला, असं बाबा आपल्या जन्माआधीपासून करत आले होते. मार्तिनेला कळलं तर ती रडून जीव नकोसा करून घेईल. तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून तुलाही सांगितलं नव्हतं.

आईने रविवारचं जेवण टाकलं होतं. बाबांबरोबर तिचा अर्धा ग्लास असायचा, तो ती नुसता मांडायची आणि पुसून परत ठेवायची. मला ते बघवेना. माल्ट शिजवलं, साखर घातली, थोडा गाळ घातला. पहिली खेप आंबट होऊन बिघडली, ती गटारात ओतली. तोच वास ग्युस्ताफना आला. दुसऱ्या खेपेचा फेस थेट झाकणाबाहेर आला, बाबांचा यायचा तसा.

आणि कुलूप माझ्यासाठीच आहे. किल्ली आईच्या गळ्यात असते, ती शेजारी उभी असल्याशिवाय मी आत पाऊल टाकत नाही. भीती मलाही वाटते, इव्हो. तुझ्याहून जास्त वाटते.

आई म्हणते, अगदी त्यांचीच आहे. पण मला तिचाच संशय येतो. माझ्या करपलेल्या केकलाही ती छान म्हणते. मला चव बघता येत नाही आणि मी बघणारही नाही. तुझी जीभ कुणाची भीड ठेवत नाही, त्यावरून आयुष्यभर भांडलो आपण. आज तीच हवी आहे. ग्युस्ताफ मासे घ्यायला तिकडे येताहेत, त्यांच्या हाती एक बाटली देते. पिऊन सांग, आहे का त्यांची? मग शनिवारी आईला न्यायचं तर ने.

रागावले असले तरी माया आहे तशीच आहे.

तुझी,
हेडविगताई


ओस्टेंड,
९ मार्च १९८८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाटली पोचली. बाबांसारखीच तिरपी धरून एका दमात ओतली. पहिल्या घोटाला गोड लागली आणि वाटलं, नाही, ही त्यांची नाही. दुसऱ्या घोटाला ती लवंगेसारखी चव जिभेवर आली, आणि मी सिंकपाशी उभा राहून ढसाढसा रडलो. त्यांचीच आहे, ताई. आई खोटं बोलली नाही. पुढच्या वेळी साखर जरा हात राखून घाल.

मी तुझ्याबद्दल भलतंच मनात आणलं, त्याची लाज वाटते. शनिवारी येतो, पण जेवायला. आई तिथेच राहील. आत्याला काय सांगायचं ते माझ्याकडे लागलं.

तळाचं बोटभर ओतलं नाही. ते छोट्या बरणीत घालून फ्रीजमध्ये लोण्यामागे लपवलं आहे, तिकडे काही बिघडलं तर इथे असावं म्हणून. मार्तिनेला ती सापडली. तिने हुंगून पाहिली, मग माझे लाल डोळे पाहिले, आणि काल रात्री आपल्या आईला फोन करून म्हणाली की इव्हो चोरून प्यायला लागलाय. खरं सांगितलं तर तिला त्या सुपाचं कळेल. तेव्हा असू दे, तिला तसंच वाटू दे.

आईला नमस्कार, आणि गळ्यातली किल्ली सांभाळ म्हणावं.

तुझा,
इव्हो