दोन पेट्या, एक चावी

सोमवार, ३ फेब्रुवारी
आणि मी म्हणे मध्ये बोलायचं नाही! वीस वर्षं या गॅरेजातले गिअर डिझेलमध्ये मीच धुतेय. नवरा आणि दीर सकाळपासून भांडतायत — ट्रकला कुठली ट्रान्स्फर केस बसवायची. चारी चाकांना जोर वाटणारी ती पेटी. नवरा म्हणतो जुनीच राहू दे, लोखंडी आहे, तुटत नाही. दीर म्हणतो भंगारातून आणलेली बसवू, तिचा लो गिअर जास्त हळू. भांडण संपेना, चहाचं पाणी झालं. म्हटलं, दोन्ही बसवा, एकीमागं एक.
"वहिनी, एका स्वयंपाकघरात दोन सासवा?" दीर.
म्हटलं, मी एकीबरोबर अठरा वर्षं काढली, ट्रकचं काय जातंय.

मंगळवार, ४
खडूने खुणा करून शाफ्ट हाताने फिरवले. भंगारवालीत पाच फेरे घातले की पलीकडं दोन निघतात. जुनीत दोनाला एक. जोडून पाचाला एक. शाळेत गणित कधी जमलं नाही, इथं जमलं.
टेकडीवरच्या वस्तीला पाण्याची पिंपं चढवायची, येताना दगड भरून उतरायचं. उतारावर ब्रेकमधून धूर निघतो, म्हणून नवरा मला स्टिअरिंगला हात लावू देत नाही. आज विचारलं, ब्रेकवर पाय न देता ट्रक उतरला तर? "तर चावी तुझी." दिरासमोर म्हणाला. लिहून ठेवते.

शनिवार, ८
नाक कापलं गेलं. लेथवाल्याकडून मधली जोडपट्टी करून आणली, पेट्या ट्रकखाली चढवल्या — जुनी पुढं, भंगारवाली मागं. बघतो तर भंगारवालीचं पुढच्या चाकांकडं जाणारं तोंड उजवीकडं, आणि ते ज्याला जोडायचं तो चाकांमधला गोळा डावीकडं! मापं मी घेतली होती. तेव्हा ती पेटी बाकावर पालथी पडली होती. पालथीचं डावं म्हणजे उजवं, एवढं कळू नये?
"वहिनी, आता ट्रक पण पालथा घालू का?"
नवऱ्याने पाने पुसून खिळ्यांना अडकवले. ते जास्त लागलं.

रविवार, ९
आंघोळ करताना सुचलं. अंगाला साबण तसाच. अगं, तोंड कामाला येतं ते फक्त मागच्या पेटीचं! पुढची नुसता वेग कमी करते. मग भंगारवाली पुढं घाला, तिचं तोंड बुजवा. जुनी मागं — तिचं तोंड मुळातच डावीकडं.
आणि फेरे? पुन्हा मोजले. पाचाला एकच. सासवा कुठल्याही क्रमाने बसवा, सून तेवढीच दमते. नवऱ्याने खडू मागून घेतला, स्वतः मोजलं आणि हसला. खूप दिवसांनी असा हसला.

सोमवार, १०
जोडपट्टी पुन्हा नवी करायची म्हणून लेथवाला कुरकुरला. कुरकुरू दे.

शनिवार, १५
उतरला! दगड भरलेला, दोन्ही पेट्या लो गिअरमध्ये. नवरा चालवत होता, मी त्याच्या पायांवर डोळा ठेवून. अर्ध्या उतारावर पठ्ठ्याने दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घालून बसला. ट्रक आपला मुंगीच्या पावलांनी. दीर कंटाळून उतरला, चालत निघाला आणि आमच्याआधी खाली पोचला. हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

सोमवार, १७
चावी अजून त्याच्याच खिशात. विचारलं की "बघू".

मंगळवार, १८
चार तारखेच्या पानावर काळा अंगठा. ग्रीसचा. ही वही मी पॅकिंगच्या डब्याखाली ठेवते.
अहो, वाचताय तर नीट वाचा. अंगठा उमटलाय तो तुमच्याच शब्दावर. शुक्रवारी पिंपं चढवायचीत. तोवर चावी या वहीवर ठेवा, नाहीतर इथं खाली 'नाही' लिहा, सहीसकट.