बगळ्याचे डोळे

प्रिय बगळ्या,

आधी गोड बातमी ऐक. आपली खाडी वाचली! पलीकडच्या काठचा चिखल पक्ष्यांसाठी राखीवच राहणार, तसा कागद परवा वनखात्याच्या कार्यालयाच्या दारावर लागला. मी तो तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला, आणि बांधावर जाऊन शाळेतली पाखरांची कविता मोठ्यानं म्हटली. एक तुतवार सोडला तर कुणी उडून गेलं नाही, म्हणजे चाल अजून बरी असावी.

आपल्या पक्षी मोजायच्या मनोऱ्याची शिडी नवी आहे, वरची तिसरी फळी मात्र अजून कुरकुरते. यंदाच्या मोजणीला मला मानाची खुर्ची दिली होती. म्हणजे, आजोबा, कशाला हात लावू नका! भरती चढली तसे पक्षी आपल्या त्याच उंचवट्यावर दाटीवाटीनं येऊन बसले. दोन मुली मोजत होत्या, थेट आपल्यासारख्या. एक दुर्बिणीतून शंभर-शंभरांचे घोळके पुकारायची, दुसरी दर हाकेला वहीत एक रेघ मारायची. अठरा हजारांवर गेले बघ! तीन वर्षांपूर्वी आपले भरले होते जेमतेम नऊ हजार. त्या आकड्यावरच तर पक्षी येत नाहीत मग राखीव कशाला, असं म्हणत तिथे भराव घालायचं घाटत होतं. आणि म्हाताऱ्याची नजर गेली म्हणून तुझी दुर्बीण काढून घेतली. तूही ते खरं मानलंस आणि मुकाट्यानं लेकीकडे निघून गेलास.

चौथीत मी कविता म्हणताना अडलो होतो, आठवतं? तू मागच्या बाकावरून ओळ पुरवलीस आणि छडी तुला बसली. मी मात्र उरलेली कविता म्हणून शाबासकी घेतली. खोड जुनीच आहे रे माझी.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या मोजणीच्या सकाळी रोहित पक्ष्यांचा थवा उठला, अख्खी खाडी गुलाबी झाली, आणि माझ्या डोक्यात कविता सुरू झाली. तू पुकारत होतास, मी आभाळाकडे बघत होतो. भानावर आलो तेव्हा पान अर्धं कोरं. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून होत्या तेवढ्या रेघांची बेरीज करून दिली. पुढे सगळं तुझ्यावर शेकलं तेव्हाही माझी दातखीळ बसलेलीच. काल कार्यालयातल्या बाईंना खरं ते सांगितलं. खाडी वाचल्यावर कंठ फुटला, याला काही हिंमत म्हणत नाहीत, ठाऊक आहे मला. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, काका, लिहून द्या. दिलं. छातीवरचा धोंडा उतरला.

उरलं ते तुलाच सांगायचं, त्यासाठीच हे पत्र. बगळ्या, तुझे डोळे शाबूत होते. रेघा मी चुकवल्या. तुझी दुर्बीण बाईंनी कपाटातून काढून पुसून ठेवली आहे. पुनवेच्या भरतीला ये. शिव्या द्यायच्या त्या दे, पण मनोऱ्यावर येऊन दे. तू पुकार, रेघा ती मुलगी मारेल. मी खाली शिडी धरून उभा राहतो.

तुझाच,
पाणकावळा