म्हातारीचा वरचा आवाज

आबा,

गेल्या आठवड्यात शेजारच्या एका म्हातारीनं मला तिच्या लेकीच्या स्वयंपाकघरात उभं करून झापलं, आणि तेव्हापासून तुम्हाला लिहावं असं मनात घोळतंय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. माझं काम तेच आहे, हॉटेलातल्या कॉन्फरन्सना माईक लावायचे आणि साहेब लोकांचा आवाज घुमू द्यायचा नाही. नोकरी दुबईत, घर शारजात अल नहदाला, अकराव्या मजल्यावर. ही म्हातारी आमच्या समोरच्या दारातली. रशियाच्या दक्षिणेकडची, कोसॅक लोकांच्या खेड्यातली. कोसॅक म्हणजे घोड्यावरचे शिपाईगडी, लढाई नसली की शेती करणारे. आपल्या मावळ्यांसारखे म्हणा ना. त्यांची गाणी आणि गावच्या रीती उतरवून ठेवणारं एक मंडळ आहे, सगळे हौशी, फुकट राबणारे. म्हातारीची लेक त्यातलीच, तिनं मला लिफ्टमध्ये गाठलं. म्हणाली, "तुम्ही साउंडचं करता ना? आई शनिवारी परत जातेय. गुडघे गेलेत, पुन्हा यायची नाही म्हणते. तिच्याबरोबर गाणाऱ्या गावातल्या सगळ्या गेल्या. तिच्या गावच्या पद्धतीचं लग्नाचं गाणं आता तिलाच येतं." मी लगेच हो म्हणालो. हौसेला मोल नसतं.

मी माझ्या पद्धतीनं सगळं नीट केलं. एसी बंद, फ्रिज बंद, भिंतीला आमच्या घरातल्या रजया. म्हातारीनं आधी खायला घातलं, करंजीसारखं काहीतरी, पण उकडलेलं आणि आत बटाटा. मग खुर्चीत ताठ बसून तिनं डोळे मिटले आणि एकच उंच सूर लावला. शब्द नाहीत, नुसतं ओ आणि आ, मध्येच थांबायचं, मध्येच चढायचं. मला वाटलं, वय झालंय, शब्द विसरली असेल. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती काहीतरी तोडून बोलली आणि लेक ओशाळून म्हणाली, "आई म्हणते, हे गाणं नाही. हा वरचा आवाज आहे. गाणं खाली असतं, ते दुसरे म्हणतात."

इथे मी शहाणपणा केला. घरी येऊन तेच गाणं म्हणणारा एक भलामोठा कॉयर नेटवर शोधला, त्याच्यावर म्हातारीचा सूर चढवला, जोड कळू नयेत म्हणून कोपरे घासले. झकास झालं होतं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी कौतुकानं तिच्या कानाला हेडफोन लावले. अर्ध्या मिनिटात तिनं ते काढून टेबलावर ठेवले आणि जे बोलली ते लेकीनं जसंच्या तसं सांगितलं: "हे लोक कोण? मी यांच्या शेजारी कधी उभी राहिले नाही. हा माझ्या आवाजाचा चोर आहे." मी तीस वर्षं या धंद्यात आहे, आबा, पण माझे कान इतके कुणी धरले नव्हते.

एकदा तुम्ही धरले होते. मी सहावीत असेन. जत्रेत पोवाडा झालाय, शाहिराच्या फेट्यावर गुलाल आहे, लोक त्याच्या पाया पडतायत आणि तुम्ही मागे तुणतुणं पिशवीत घालताय. गिरणीतलं पीठ अजून तुमच्या भुवयांत आहे. मी फणकाऱ्यानं म्हणतो, "तुम्ही नुसती त्यांची री ओढता. जी जी करायला काय लागतंय?" तुम्ही माझा कान पिरगाळता, फार जोरात नाही, आणि म्हणता, "शाहीर दम घ्याला थांबला की पोवाडा कुणाच्या गळ्यात असतोय रं? सांग की!" मला तेव्हा रडू येत होतं आणि तुमचा रागही.

म्हातारीला गाणं खाली धरणारा माणूस हवा होता आणि हातात चारच दिवस. मंडळानं फुजैरात एक जण शोधून काढला, बंदरावर तेलाच्या जहाजांचं काम बघणारा साठीचा गडी, तिच्या शेजारच्या गावचा. शुक्रवारी म्हातारीला आणि लेकीला घेऊन निघालो. आमची ही पण आली. "अहो, तुम्ही तिथे माईकमध्ये बिझी होणार, त्यांची लेक बोलणं समजावण्यात, त्या आजींना गाडीतून उतरवायला कोण? मी येते. यल्ला, चला!"

त्या माणसाच्या घरी आधी भांडण झालं. त्याच्या गावात नवरी उंबऱ्यावर असताना हे गाणं म्हणतात, हिच्या गावात वरातीचं घोडं निघाल्यावर. दुसऱ्या कडव्याचे शब्दही वेगळे. मी म्हटलं आता हेही गेलं. शेवटी तोच हात जोडून म्हणाला, चल, तुझ्या गावचं. आणि त्यानं खालून सुरू केलं, खोल, सावकाश. ओळ संपत आली, त्याचा दम संपला, आणि नेमकी तिथे म्हातारी वरून आली. त्यानं श्वास घेतला तरी गाणं तुटलं नाही. मी मीटरकडे बघायचं विसरलो. आबा, मला रडू आलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला फुजैरात मिळालं, तेही रशियनमध्ये.

एकूण सहा गाणी मिळाली. म्हातारी पोरीसारखी हसत होती, गाणं कधी म्हणायचं ते माझ्याकडून मंडळाच्या फॉर्ममध्ये नीट लिहून घेत होती. चहाच्या वेळी आमची ही इंग्रजीतून अभिमानानं म्हणाली, "ह्यांचे फादरसुद्धा फोक सिंगर होते. मेन सिंगर, शाहीर!" तिचा दोष नाही. तुमच्या माघारी लग्न ठरलं तेव्हा मीच तसं सांगितलं होतं, मुलीलाही तेच सांगत आलो. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, नाही, शाहीर दुसरे होते. माझे वडील मागे उभे राहून झील धरायचे. ही माझ्याकडे बघतच राहिली. लेकीनं म्हातारीला ते समजावलं, तशी म्हातारीनं खुर्ची माझ्याकडे ओढली आणि विचारलं, "वर की खाली?"

येताना ही गाडीत म्हणाली, "मला आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" काहीच बिघडलं नसतं.

तुमच्या फडातले दुसरे झीलकरी अजून आहेत. काल मी त्यांना फोन केला, मे महिन्यात रजा काढून येतो, तुमचा आवाज घेतो म्हणालो. ते हसले. "ये की लेका. पर एकटा मी काय म्हनू? तुझा बा पायजे का न्हाई शेजारी? आता तूच उभा ऱ्हा त्याच्या जागंवर, त्याचंच धर." मी जोरात हो म्हणालो. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून तुम्हाला सांगतो. शाहिराचा अख्खा पोवाडा मला आजही तोंडपाठ आहे, पण म्हातारीनं विचारलं तेव्हा मी उत्तर दिलं नाही. तुम्ही वर गायचा की खाली, मला माहीत नाही.