फाटक क्रमांक ३ वरचा माझा पहारा न काढणेबाबत

प्रति,
मा. श्री. गिरीश सामंत साहेब,
सुरक्षा अधिकारी, स्टेडियम प्रकल्प,
अल रय्यान, कतार.

दिनांक : १४ जून २०२२

विषय : आजारपणाच्या कारणास्तव मला मायदेशी धाडण्याचा आदेश रद्द होणेबाबत.
संदर्भ : आपला तोंडी आदेश, "जाचक, खलास! आता घरी जा," दि. १२ जून.

महोदय,

मी, खाली सही करणार, इयत्ता आठवी उत्तीर्ण, चार वर्षे फाटक क्र. ३ चा पहारेकरी, सविनय सादर करतो की,

१. गतवर्षी माझे डावे मूत्रपिंड कर्करोगामुळे काढण्यात आले. तथापि रोगाचे दोन ठिपके फुप्फुसात आधीच शिरले होते. अंगात पांढऱ्या पेशींचा पहारा असता हे घडले कसे, अशी पृच्छा केली असता डॉ. नुपूरमॅडम वदल्या, "काका, गाठीने घरचीच असल्याचा खोटा पास दाखवला, पेशींनी सोडलं." पहारेकऱ्याच्याच अंगात असे घडावे, ही गोष्ट मनास फार लागली.

२. हल्ली दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध मिळते. ते स्वतः रोगास मारीत नाही. फक्त तो पास चालू देत नाही. मग पेशीच गाठीवर तुटून पडतात. मेच्या स्कॅनमध्ये एक ठिपका नाहीसा व दुसरा निम्मा आढळला. मात्र जागृतीच्या भरात पेशी अंगातल्या घरच्यांनाही धरतात, त्यामुळे अंगास खाज सुटते. सदर खाज ही पहाऱ्याची पोच होय, असे मी मानतो. मॅडम यावर नुसत्या हसतात.

३. दि. १२ रोजी मी आपणांस बावीस मिनिटे उन्हात उभे केले, ही बाब मान्य आहे. पासावर मिशी होती, आपणांस नव्हती. आपण "अरे, मी सामंत!" असे ओरडलात; परंतु गाठही असेच काही म्हणाली असणार. सबब त्या कृत्यास आजाराचा परिणाम समजू नये. ते कर्तव्य होते.

४. मला धाडल्यास निवास परवाना संपेल, त्यासोबत येथील औषधही. पेशी आत्ता कुठे ओळखू लागल्या आहेत. पत्नी पुष्पावती फोनवर "तुम्हाला तो चेंडूच प्यारा," असे टोमणे मारते. तिला ठिपक्यांविषयी कळविलेले नाही. आपणही कळवू नये.

तरी नोव्हेंबरातील फुटबॉलचे सामने होईतो मला फाटकावर ठेवावे व दर तिसऱ्या मंगळवारी अर्धा दिवस रजा द्यावी. मंजुरी सांगण्यास आपण जातीने आलात तर उपकार होतील. येताना नव्या फोटोचा पास आणावा, अन्यथा मला पुन्हा अडवावे लागेल.

आपला नम्र व अद्याप फाटकावर उभा,
गोविंद सोपान जाचक

सोबत :
१. मेच्या स्कॅनची प्रत.
२. आपल्या पासाची छायाप्रत, मिशीसह.